सही, संमति आणि सुटीचा करार

१८७५ सालच्या मे महिन्याची १२ तारीख. पुणें जिल्ह्यांतील सुपें या गांवीं त्या दिवशीं बाजार भरला होता. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या कुणब्यांनीं सावकारांच्या दुकानांना व घरांना वेढा दिला. कापड व धान्य लुटलें गेलें हें खरें. परंतु जमावाचा मुख्य रोख कागदांवर होता. वह्या, रोखे, गहाणखतें, हुकूमनामे, जें जें हातीं लागलें तें तें जाळण्यांत आलें. पुढील कांहीं दिवसांत हें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरलें. जेथें सावकारानें कागद मुकाट्यानें काढून दिले तेथें त्याच्या अंगास सहसा धक्का लागला नाहीं. जेथें त्यानें ते दडविले तेथें मात्र मारहाण झाली, क्वचित् घरासहि आग लागली. या उठावाला 'दख्खनचे दंगे' हें सरकारी नांव मिळालें व तेंच रूढ झालें. वस्तुतः तो करार रद्द करण्याचाच एक प्रकार होता. कायद्याच्या मार्गानें जो कागद रद्द करतां येईना तो कुणब्यांनीं अग्नीच्या स्वाधीन केला.

त्या कागदांत असें होतें तरी काय? कुणब्याला लिहितां-वाचतां येत नसे. खत दुसऱ्यानें लिहावें, मजकूर वाचून दाखविलाच तर त्यानेंच दाखवावा, आणि खालीं कुणब्याच्या नांवापुढें नांगराची निशाणी करून व्यवहार पुरा व्हावा, अशी वहिवाट होती. १८५९ सालच्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु ऋणकोच्या संरक्षणाचा होता. परिणाम नेमका उलटा झाला. दर तीन वर्षांनीं मुद्दल व तुंबलेलें व्याज एकत्र करून नवें खत होऊं लागलें आणि कालचें व्याज आज मुद्दल म्हणून मिरवूं लागलें. प्रकरण न्यायालयांत गेलें म्हणजे तेथें माणसाऐवजीं कागद बोले. निशाणी तुझी काय, एवढाच प्रश्न. होय म्हटलें कीं हुकूमनामा. कित्येक ऋणको तर हजरच राहत नसत, मग तेवढाहि प्रश्न उरत नसे.

चमत्कार असा कीं, याच सुमारास कायद्याच्या ग्रंथांत एक उदात्त तत्त्व येऊन बसलें होतें. १८७२ सालचा हिंदी कराराचा कायदा त्या वर्षाच्या १ सप्टेंबरपासून अमलांत आला. करार म्हणजे दोघांची संमति, आणि संमति म्हणजे एकाच गोष्टीविषयीं एकाच अर्थानें झालेलें मतैक्य, असें त्याचें १३ वें कलम सांगतें. पुढील कलमांत ही संमति मोकळी केव्हां नसते याची मोजदाद आहे: धाकदपटशा, गैरवाजवी वजन, लबाडी, खोटें निवेदन, चूक. लबाडीनें किंवा खोट्या निवेदनानें मिळविलेला करार फसलेल्या पक्षाच्या इच्छेनुसार रद्द होऊं शकतो, असें १९ वें कलम म्हणतें. रद्द करणाऱ्यानें तें दुसऱ्या पक्षास कळविलें पाहिजे व आपणांस मिळालेला लाभ परत केला पाहिजे, हेंहि त्याच कायद्यांत आहे. म्हणजे सुप्याची होळी पेटली तेव्हां फसवणुकीचा करार मोडण्याचा हक्क अडीच वर्षांहून अधिक काळ अस्तित्वांत होता. तो कुणब्याच्या कामीं आला नाहीं, याचें कारण हक्क ग्रंथांत होता आणि पुराव्याचा भार मात्र फसलेल्याच्या डोक्यावर होता. शिवाय १९ व्या कलमास एक अपवाद जोडलेला आहे. सामान्य दक्षतेनें सत्य शोधून काढण्याचें साधन ज्याच्या हातीं होतें, त्याला खोट्या निवेदनाची किंवा लबाडीच्या मौनाची सबब पुढें करतां येत नाहीं. या अपवादाचा विसर पडूं देतां कामा नये. दीडशें वर्षांनंतर तो एका अगदीं निराळ्या दालनांत पुन्हां भेटणार आहे.

दंग्यांची चौकशी करण्यासाठीं सरकारनें आयोग नेमला आणि त्यांतून १८७९ सालचा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा निघाला. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. त्याचें १२ वें कलम हा हिंदुस्थानांतील कायद्याच्या इतिहासांतला एक धाडसी प्रयोग मानला पाहिजे. खतावर आंकडा कांहींहि असो, न्यायाधीशानें व्यवहाराचा इतिहास अगदीं आरंभापासून तपासावा. मागील हिशेब मिटला असें ऋणकोनें लिहून दिलें असलें तरी तेथें थांबूं नये. मुद्दल किती, व्याज किती, हें नव्यानें मांडावें, अशी ही आज्ञा होती. शेतकऱ्याचीं खतें गांवच्या नोंदणी-कामगारासमोर व्हावींत, सावकारानें पावती द्यावी, मागितल्यास वार्षिक हिशेबाचा उतारा द्यावा, अशाहि तरतुदी होत्या. सहीच्या अलीकडे काय घडलें तें पाहण्याचा अधिकार आणि कर्तव्य न्यायालयास प्रथमच इतक्या स्पष्ट शब्दांत मिळालें.

या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्यासाठीं विशेष न्यायाधीशाची जागा होती. महादेव गोविंद रानडे हे १८८७ पासून १८९३ सालीं मुंबईच्या वरिष्ठ न्यायालयावर नेमले जाईपर्यंत त्या जागेवर होते. जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरावें, दुय्यम न्यायाधीशांचे निकाल तपासावे, असें तें काम. अर्थशास्त्रावरील त्यांच्या विचारांची चर्चा पुष्कळ होते. परंतु खेडोपाडींच्या चावडीवर खत उलगडून पाहणारा हा रानड्यांचा काळ तितकासा कोणाच्या लक्षांत राहिला नाहीं.

सावकारहि स्वस्थ बसले नव्हते. गहाणखत उघडून पाहिलें जातें असें दिसतांच पुष्कळांनीं खरेदीखत लिहून घेण्यास प्रारंभ केला. कागदावर जमीन विकली गेली असें दिसे. खरा व्यवहार मात्र कर्जाचाच. पैसे फेडल्यावर जमीन परत देऊं, हें वचन तोंडी असे. तेव्हां कायद्यांत दुरुस्ती करून, कागदाचें बाह्य रूप कांहींहि असो, व्यवहाराचें खरें स्वरूप तोंडी पुराव्यानेंहि तपासण्याची मुभा न्यायालयांना द्यावी लागली. कायद्यानें एक दार लावावें आणि व्यवहारानें वेष पालटून दुसऱ्या दारानें आंत यावें, हा क्रम तेव्हांपासून चालत आला आहे.

चाकण आणि चिंचवड हीं दोन्ही स्थळें याच पुणें जिल्ह्यांतलीं. अर्थात् हा कायदा तेथील कुणब्यांचाहि होता. चाकणचा लौकिक १६६० सालीं शाएस्तेखानापुढें फिरंगोजी नरसाळ्यानें लढविलेल्या भुईकोटामुळें, आणि चिंचवडचा मोरया गोसाव्यांच्या समाधीमुळें. स्वातंत्र्यानंतर या मुलखाचें रूप बदललें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी आली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें व त्यानें घेतलेल्या जमिनींवर मोटारींचे, यंत्रांचे, स्कूटरांचे कारखाने उभे राहिले. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढें नव्वदच्या दशकापासून हा पट्टा उत्तरेस चाकणपर्यंत सरकला. जेथें बाजरी उभी राही तेथें मोटारी उभ्या राहूं लागल्या. कुणब्याचा नातू पाळीवर जाऊं लागला, त्याच्या शेजारीं विदर्भ-मराठवाड्यांतून आणि परप्रांतांतून आलेला पदवीधर राहूं लागला. यांपैकीं कोणी नांगराची निशाणी करीत नाहीं. सारे सफाईदार सही करतात, आणि पुष्कळदां ती इंग्रजींत असते.

या नव्या वस्तीस एक नवी वस्तु मिळाली, ती म्हणजे पगारी सुटी. पूर्वींच्या शेतकऱ्याला यात्रा होती, जत्रा होती, आळंदी-देहूची वारी होती. परंतु काम न करतां वेतन मिळावें असे दिवस त्याच्या पंचांगांत नव्हते. १९४८ च्या कारखाना कायद्यानें कामगारास दर वीस दिवसांच्या कामामागें एक दिवसाची पगारी रजा दिली. रजा आली म्हणजे ती कोठें घालवावी हा प्रश्न आला, आणि प्रश्न आला म्हणजे त्याचें उत्तर विकणाराहि येतो.

हें उत्तर विकण्याची कल्पना युरोपांतली. १९६३ सालीं स्वित्झर्लंडांत हापिमाग नांवाची संस्था निघाली. तिच्या भागधारकांना निरनिराळ्या ठिकाणच्या सुटीच्या घरांत राहण्याचा हक्क मिळे. थोड्याच वर्षांत फ्रान्सच्या आल्प्स पर्वतांतील सुपरदेवोलुई येथें एका विकासकानें निवासस्थानाचे आठवड्याआठवड्यांचे वांटे विकले. घराचे वांटे भावाभावांत भिंत घालून पडतात. येथें ते कालगणनेवर पडले. इंग्रजींत त्यास 'टाइमशेअर' हें नांव पडलें. कल्पना मूळांत वाईट नव्हती. वर्षांतून एक आठवडा वापरावयाच्या घरासाठीं बारा महिन्यांची किंमत कोणी कां द्यावी? हिंदुस्थानांत हा व्यवसाय ऐंशीच्या दशकांत आला व नव्वदच्या दशकांत पसरला. त्यांतील कित्येक संस्थांनीं दिलेला शब्द पाळला आणि कित्येक कुटुंबांनीं त्यांच्या घरांत सुखानें सुट्या घालविल्या, हेंहि नमूद केलें पाहिजे.

दोष शिरला तो विक्रीच्या पद्धतींत. पेट्रोलपंपावर किंवा मोठ्या दुकानांच्या संकुलांत एक कुपन भरून घेतलें जातें. कांहीं दिवसांनीं दूरध्वनि येतो: अमुक बक्षीस लागलें आहे, तें घेण्यास पतिपत्नींनीं मिळून यावें. एकट्यानें आलेलें चालत नाहीं. घरीं विचारून सांगतों, ही सबबच उरूं नये, यासाठीं ती अट. उंची उपाहारगृहाच्या दालनांत संगीत चाललेलें असतें, प्रत्येक मेजाशीं एक गोडबोल्या तरुण. तास-दोन तास चित्रें दाखविलीं जातात. शेजारच्या मेजावर टाळ्या पडतात. कोणी सभासद झालें म्हणे. मग किंमत सांगितली जाते, ती निम्म्यावर आणली जाते, आणि ही सवलत आजच्या आज, या दालनांतून बाहेर पडेपर्यंतच, असें बजावलें जातें. रात्रीं नऊच्या सुमारास, मूल कंटाळून खांद्यावर झोपीं गेलेलें असतां, क्रेडिट कार्ड यंत्रावर घासलें जातें आणि बारीक टाइपाच्या पंधरा-वीस पृष्ठांवर जागोजाग सह्या होतात.

घरीं येऊन कागद वाचला म्हणजे तीन गोष्टी आढळतात. वार्षिक देखभालीचें शुल्क निराळें आहे व तें वाढत जाणारें आहे. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटींत खोली मिळेलच असा शब्द नाहीं. 'उपलब्धतेनुसार' हा एक शब्द सर्व आश्वासनांना पुरून उरतो. आणि भरलेली रक्कम कोणत्याहि कारणास्तव परत होणार नाहीं. तोंडीं जें जें सांगितलें गेलें त्याविषयीं एक स्वतंत्र कलम असतें: या लेखाबाहेरील कोणतेंहि आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाहीं. सावकाराच्या खरेदीखतांत आणि या कलमांत फारसें अंतर नाहीं. बोलणें एक, लेख दुसरा, आणि सही लेखावर. येथेंच १९ व्या कलमाचा तो अपवाद पुढें केला जातो. सभासद सुशिक्षित होता, कागद समोर होता, त्यानें वाचला कां नाहीं? कुणब्याची निरक्षरता निदान न्यायाधीशास दिसत तरी होती. अभियंत्याची त्या रात्रींची निरक्षरता कोणास दिसत नाहीं. कारण वाचतां येणें आणि वाचावयास अवकाश मिळणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें ओळखण्यास कायद्याला पुष्कळ वेळ लागला.

ज्या युरोपांत हा व्यापार जन्मला तेथें तें ओळखलें गेलें. ब्रिटननें १९९२ सालीं स्वतंत्र कायदा करून ग्राहकास चौदा दिवसांची विचारमुदत दिली. या मुदतींत कारण न सांगतां, फसवणूक सिद्ध न करतां, केवळ पत्र पाठवून करार मोडतां येतो. १९९४ सालच्या युरोपीय निर्देशानें दहा दिवस दिले आणि त्या दहा दिवसांत आगाऊ पैसे घेण्यासहि मनाई केली. परंतु तो निर्देश तीन वर्षांच्या किंवा त्याहून अधिक मुदतीच्या करारांनाच लागू होता. तेव्हां विक्रेत्यांनीं तीन वर्षांस थोडे कमी पडतील असे करार काढले, घराच्या वांट्याऐवजीं 'क्लबाचें सभासदत्व' विकण्यास आरंभ केला, आणि कायद्याच्या कुंपणाबाहेर नवें दुकान थाटलें. सुप्यानंतरचा सावकार भूमध्यसमुद्राच्या किनाऱ्यावर पुन्हां अवतरला म्हणावयाचा! २००८ सालच्या नव्या निर्देशानें एक वर्षाहून अधिक मुदतीचे सारे करार व क्लबांचीं सभासदत्वें कक्षेंत घेतलीं आणि मुदत सर्वत्र चौदा दिवसांची केली. माघारीचा छापील नमुना ग्राहकास दिलाच नाहीं तर ही मुदत एक वर्षानें लांबते. करार मोडला म्हणजे त्यासाठीं काढलेल्या कर्जाचा करारहि आपोआप मोडतो, ही त्यांतील तरतूद फार मोलाची आहे. हिंदुस्थानांत क्लब सोडला तरी बँकेचा हप्ता सुटत नाहीं, असा अनुभव येतो.

भारतांत सुटीच्या सभासदत्वासाठीं अशी सर्वसाधारण वैधानिक विचारमुदत नाहीं. विम्याच्या बाबतींत ती आहे. आयुर्विम्याचा कागद हातीं पडल्यावर तो परत करण्यास पूर्वीं पंधरा दिवस मिळत, २०२४ पासून तीस मिळतात. सुटीच्या करारांत कांहीं संस्था आपण होऊन दहा-पंधरा दिवस देतात. तो त्यांच्या करारांतला प्रश्न, कायद्याचा नव्हे.

पिंपरी-चिंचवडकरांना या विषयाचें एक मोठें उदाहरण अगदीं जवळ आहे. वाकड-पिंपळे निलखच्या पलीकडे, मुळा नदी ओलांडली म्हणजे बाणेर लागतें. तेथील एका रस्त्यास लोक अजून 'पॅन कार्ड क्लब रोड' म्हणतात. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीचें सुटीचें सभासदत्व राज्यांत घरोघर पोंचलें होतें. सभासदानें हॉटेलांतील खोल्यांच्या रात्री विकत घ्यावयाच्या, आणि त्या वापरल्या नाहींत तर मुदतीअंतीं ठराविक रक्कम परत घ्यावयाची, अशी ती योजना. रोखे बाजाराच्या नियामक मंडळानें, म्हणजे सेबीनें, कागदाच्या नांवावर न जातां आंतला व्यवहार तपासला. ही सुटीची विक्री नसून लोकांच्या पैशाची सामूहिक गुंतवणूक आहे, आणि ती नोंदणीवांचून चालविली आहे, असा निष्कर्ष काढला. ३१ जुलै २०१४ रोजीं अंतरिम आणि २९ फेब्रुवारी २०१६ रोजीं अंतिम आदेश निघाला. सुमारें ५१ लाख लोकांचे ७,०३५ कोटि रुपये परत करावेत, असें त्यांत होतें. १२ व्या कलमाखालीं पुण्याचा दुय्यम न्यायाधीश जें करी तेंच येथें विराट प्रमाणावर झालें: लेखाचें नांव बाजूस सारून व्यवहाराचा इतिहास पाहिला गेला. परंतु आदेश निघणें आणि पैसा हातीं पडणें यांत अंतर असतें. मालमत्तांची जप्ती, लिलाव, अपील, दिवाळखोरीची कार्यवाही यांत वर्षामागून वर्षें गेलीं.

सामान्य प्रकरण इतकें मोठें नसतें. लाख-दोन लाख रुपये, एक कुटुंब, एक करार. त्यासाठीं १९८६ सालच्या ग्राहक संरक्षण कायद्यानें निराळीं न्यायस्थानें काढलीं, आणि २० जुलै २०२० पासून अमलांत आलेल्या २०१९ च्या नव्या कायद्यानें तीं अधिक बळकट केलीं. पूर्वीं प्रतिपक्षाचें ठिकाण जेथें किंवा वादाचें कारण जेथें घडलें तेथें जावें लागे. आतां तक्रारदार जेथें राहतो किंवा काम करतो तेथेंच त्याला दाद मागतां येते. करारांत दूरच्या शहराचें न्यायालय लिहून ठेवलेलें असलें तरी चाकणच्या कामगारास पुण्याच्या जिल्हा आयोगापुढें उभें राहण्याची मोकळीक या कायद्यानें दिली आहे. पांच लाखांपर्यंतच्या मोबदल्यास जिल्हा आयोगाचें शुल्कहि नाहीं. 'अन्याय्य करार' ही नवी व्याख्या २०१९ च्या कायद्यांत प्रथम आली: नुकसानीच्या मानानें अवाजवी दंड, एकाच पक्षास करार मोडण्याचा अधिकार, ग्राहकास अडचणींत टाकणाऱ्या गैरवाजवी अटी. यांत एक मेख आहे. केवळ करार अन्याय्य आहे अशी तक्रार जिल्हा आयोगापुढें चालत नाहीं, ती राज्य आयोगाकडे जाते. म्हणून जिल्ह्यास जाणारा सभासद सेवेंतील उणीव आणि अनुचित व्यापारी प्रथा यांवर भर देतो. एकतर्फी अटींवर सही झाली एवढ्यावरून त्या ग्राहकास बांधीत नाहींत, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं एका गृहबांधणीच्या प्रकरणांत म्हटलें आहे, आणि त्या निर्णयाचा आधार अशा तक्रारदारांस घेतां येतो.

या साऱ्याची सुरुवात मात्र एका पत्रानेंच होते. १८७२ चा कायदा अजून चालू आहे, आणि करार रद्द केल्याचें दुसऱ्या पक्षास कळविणें त्याखालीं अजून आवश्यक आहे. दूरध्वनीवर कळविलेलें कोणास आठवत नाहीं. करारांत विचारमुदत असेल तर तिच्या आंत, नसेल तर जितकें लवकर साधेल तितकें, पोंचपावतीसह टपालानें आणि ई-मेलानें पत्र जावयास हवें. काय सांगितलें गेलें आणि कागदांत काय निघालें, दोन्ही त्यांत असावें. ज्यानें एकदां सुटी उपभोगली, दुसऱ्या वर्षाचें शुल्क भरलें आणि मग फसवणूक आठवली, त्याची बाजू लंगडी पडते. क्लबाबरोबर बँकेलाहि त्याच दिवशीं कळविलें जावें. तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ती पुष्कळदां क्लबाच्या गोड उत्तरांत निघून जाते: वरिष्ठांकडे पाठविलें आहे, पुढील महिन्यांत कळवूं, रद्द करण्याऐवजीं वरच्या श्रेणीचें सभासदत्व घ्यावें.

आयोगापुढें तोंडी आश्वासनाचा पुरावा कोठून आणावयाचा, हा जुना प्रश्न येथेंहि येतो. परंतु कुणब्यापेक्षां आजच्या सभासदाजवळ साधनें अधिक आहेत. विक्रेत्यानें भ्रमणध्वनीवर पाठविलेले संदेश असतात, फुकट सहलीचें भेटपत्र असतें, कार्ड यंत्रावर घासल्याची वेळ मिनिटासह छापलेली असते. आणि पाकिटाच्या तळाशीं कित्येकदां तें बक्षिसाचें निमंत्रणहि सांपडतें. त्यावरील संध्याकाळ आणि करारावरील तारीख बहुधा एकच निघते.